ग्रीसच्या राजकन्या राजा पार्कात

“वारा पडला म्हणून पोटच्या पोरीचा बळी? आणि ह्याला राजा म्हणायचं? अहो, थांबायचं होतं चार दिवस. वारा काय, आज नाही तर उद्या सुटतो. गेलेली पोर परत येते का?”

आई ओरडत होती. हातातलं लाटणं तिने असं उगारलं होतं की तो ग्रीसचा राजा त्या क्षणी आमच्या जयपूरच्या राजा पार्कातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात असता, तर त्याचं गलबत वाऱ्यावाचूनच सुटलं असतं. तव्यावर पोळी करपत होती, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता, आणि आईचा आवाज मुळातच सांगलीचा, शेतातून बांधापलीकडे हाक पोचवणाऱ्या घराण्यातला. शेजारच्या चावलाआंटी ओढणी कमरेला खोचून धावत आल्या आणि दारातूनच दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, “बहनजी, भाईसाहब ने हाथ उठाया क्या?” भाईसाहब, म्हणजे आमचे बाबा, जमिनीवर मांडी घालून मटार सोलत होते. डास मारण्याआधी खिडकी उघडून त्याला एक संधी देणारा तो माणूस. आईने सांगितलं, नहीं नहीं, एक राजा है, उसने अपनी लडकी को मार डाला. जयपुरात राजा म्हटलं की माणूस पहिल्यांदा कुठला ते विचारतो. आंटींनीही विचारलं. मग त्यांना पाट दिला, चहा दिला, आणि मला सगळी गोष्ट पहिल्यापासून हिंदीत सांगावी लागली. दुसऱ्या दिवशी गल्लीतला भाजीवाला भैया मला विचारत होता की बेटा, त्या मुलीच्या आईने पुढे काय केलं.

पुढे काय केलं ते मी त्याला इतकं रंगवून सांगितलं की त्याने कोथिंबीर जास्त घातली. मी वाढवून सांगते असा माझ्यावर लहानपणापासूनचा आळ आहे आणि आता पासष्टी ओलांडल्यावर तो पुसून टाकायची माझी मुळीच इच्छा नाही. खरं सांगायचं तर त्यात चूक त्या पुस्तकाची होती. बाबांची विमा कंपनीतली बदली सांगलीहून थेट जयपूरला झाली तेव्हा आम्ही भांडी आणली, देव आणले, पण पुस्तकांच्या पेट्या काकांकडे राहिल्या. इथे आल्यावर बाबांनी एका रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं. पुठ्ठा गेलेला, पहिली वीस पानं गेलेली, त्यामुळे त्याचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आत ग्रीक लोकांच्या पुराणकथा आणि चित्रं. मी बारा वर्षांची, माझं इंग्रजी तिसऱ्या पायरीवर धापा टाकणारं. चार शब्दांतला एक कळायचा, उरलेले तीन मी पदरचे घालायची. रोज संध्याकाळी आई पोळ्या लाटायला बसली की मी उंबऱ्यावर बसून त्या दिवशीची राजकन्या सांगायची.

राजकन्याच. देवांमध्ये मला काही गोडी नव्हती. देवांचं काय, ते भांडतात, रुसतात, सोंगं घेतात, आणि मरत नाहीत म्हणून त्यांचं काही बिघडत नाही. राजकन्यांना मात्र मरण होतं. त्यांना एकच आयुष्य, आणि तेही बापाच्या नाहीतर कुठल्यातरी देवाच्या हातात. म्हणून त्यांच्या गोष्टीत जीव अडकायचा. आई तर त्या सगळ्यांकडे नात्यातल्या मुली असल्यासारखी बघायची. अँड्रोमेडाची आई लेकीच्या रूपाची बढाई मारत सुटली आणि त्यापायी पोरीला समुद्रकाठच्या खडकाला साखळदंडांनी बांधलं, तेव्हा आई म्हणाली, आमच्या वन्सं अगदी अश्शाच. अरियाडनीने त्या परक्या राजपुत्राला सुताचा गुंडा देऊन भुलभुलैयातून बाहेर काढलं, त्याच्याबरोबर पळाली, आणि त्याने तिला एका बेटावर झोपेत टाकून गलबत हाकललं, तेव्हा आईने पोळी उलटायची सोडून विचारलं, मुलाकडची चौकशी कोणी केली होती? मध्यस्थ कोण होता? मध्यस्थ नव्हता हे ऐकून तिने कपाळावर पिठाचा हात मारला. ते पीठ रात्रीच्या जेवणापर्यंत तसंच होतं.

ह्या सगळ्यात माझी थोरली बहीण, नंदाताई, फक्त ऐकायची. खिडकीत बसून तळपायाला तेल चोळत. एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली, आणि धावण्यात अशी की मी दिलेली उपमा तुम्हाला खोटी वाटेल म्हणून देतच नाही. एवढंच सांगते, तिची बस चुकली की ती पुढच्या थांब्यावर बसच्या आधी पोचायची आणि कंडक्टर तिला तिकीट विचारायला लाजायचा. तिला ग्वाल्हेरला जाऊन शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम करायचा होता. दोन वर्षं, हॉस्टेल, मग कुठल्याही शाळेत खेळाची शिक्षिका. प्रवेश मिळाल्याचं पत्र तिने गव्हाच्या डब्याखाली ठेवलं होतं. पण आईबाबांचं म्हणणं, जयपुरात मराठी स्थळ म्हणजे वाळवंटात आंबा, एखादं आलं तर आधी ते बघायचं. आणि तसं एक आलं होतं. बस्सीला बँकेत लागलेले मिलिंदराव. आग्रा रस्त्यावरचं बस्सी आमच्यापासून बसने तासाभराच्या आत. आईच्या दृष्टीने ह्यापेक्षा शुभ गोष्ट नव्हती. लेक तिथे आजारी पडली तर इथली पेज गरम पोचली असती.

पोह्यांचा कार्यक्रम ठरला त्याच्या आदल्या दिवशीच, बघा योग कसे असतात, माझ्या पुस्तकात अ‍ॅटलांटा निघाली. बापाला मुलगा हवा होता म्हणून जन्मताच डोंगरावर टाकून दिलेली राजकन्या. अस्वलीने तिला दूध पाजलं. ती वाऱ्यासारखी धावायची. बापाने मोठेपणी परत घेतलं आणि लगेच लग्नाचं काढलं, तेव्हा तिने अट घातली की जो मला धावण्याच्या शर्यतीत हरवेल त्यालाच वरीन. हरणाऱ्याचं मुंडकं उडायचं. इतक्यांची उडाली, आणि शेवटी एकाने देवीकडून तीन सोन्याची सफरचंदं आणली. आपण मागे पडतोय असं दिसलं की हा एक सफरचंद तिच्या वाटेत टाकायचा, ती उचलायला थांबायची, हा पुढे. असा तो जिंकला. आई म्हणाली, अस्वलीने केलं ते आईबापांनी नाही केलं. ताईने तेल चोळायचं थांबवून मला दोनदा विचारलं की अट घालायचा हक्क तिला कोणी दिला. मी म्हटलं, कोणी नाही, म्हणजे तिने घातली आणि सगळ्यांनी ऐकली.

पोह्यांसाठी आईने सांगलीहून आलेला खास जाड पोहा काढला. ओला नारळ जयपुरात तेव्हा सणासारखा यायचा, तो बाबांनी सायकलवरून छातीशी धरून आणला. मिलिंदराव आणि इंदूरचे त्यांचे मामा आले. मामा गोल, हसरे, प्रत्येक घासाला ‘वा वहिनी’ म्हणणारे. मिलिंदराव उंच, सावळे, कान जरा बाहेर आलेले. मी त्यांना आयो नावाच्या राजकन्येची गोष्ट सांगितली, देवाने जिची गाय करून टाकली ती, तर त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं की ती दूध किती द्यायची. मला ते तिथेच आवडले. मग पद्धतीप्रमाणे मुलामुलीला बाल्कनीत पाठवलं, आणि पद्धतीप्रमाणे मला पहारा म्हणून. ताई इकडचं तिकडचं काही बोललीच नाही. म्हणाली, “मला ग्वाल्हेरला शिकायला जायचंय. पण तुम्ही शर्यतीत मला हरवलंत तर मी जाणार नाही, लग्न करीन. मी जिंकले तर दोन वर्षं ह्या घरात स्थळाचं नाव निघणार नाही.” मिलिंदरावांनी बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून खालचा रस्ता नजरेने मोजला. मग म्हणाले, “किती अंतर?”

आत जाऊन ताईने तेच सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा मामांच्या तोंडातला ‘वा’ अर्ध्यावर राहिला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की तो गलबतवाला राजा माझ्यापेक्षा सुखी. वाचवलं आम्हाला बाबांच्या नोकरीने. आयुष्यात कुठल्याही गोष्टीला हो किंवा नाही म्हणण्याआधी ते अटी लिहून काढायचे, आणि अटी लिहायला घेतल्या की मूळ प्रश्न विसरायचे. त्यांनी पेन मागवलं. अंतर तीन फर्लांग. जागा सिव्हिल लाइन्समधला बंगल्यांचा सरळ रस्ता. होळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी सहा. कुत्रा आडवा आल्यास शर्यत पुन्हा. पायात गोळा आल्यास नाही. चौदा अटी झाल्या. मामांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की आपण कशावर सही केली.

सगळं घर दोन महिने पेटलेलं होतं. ताई पहाटे धावायची, आई तिच्यासाठी बाजरीच्या खिचडीवर तूप ओतायची आणि ती हरावी म्हणून देवाला उदबत्तीही लावायची, एकाच हाताने. चावलाआंटी राजमा पाठवायच्या, ताकद आती है. आणि मी? मी आतून खंगत होते. आतापर्यंत मी तुम्हाला हसवलं, आता जरा खरं सांगते. ताई आणि मी एका पलंगावर झोपायचो. शाळेत सगळे माझ्या हिंदीला हसायचे, तेव्हा घरी येऊन मी फक्त तिला सांगायची आणि ती कोणाला न सांगता दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. ती ग्वाल्हेरला गेली की दोन वर्षं मी त्या पलंगावर एकटी. बस्सीला गेली तर तासाभराची बस. गणित माझं कच्चं होतं, पण हे गणित मला येत होतं. ताई जिंकता कामा नये, असं मी ठरवलं. अ‍ॅटलांटाला थांबवायला सफरचंदं लागली. माझ्या ताईला काय थांबवील?

ते मला आंघोळ करताना सुचलं आणि मी साबणासकट ओरडले. आमच्यासारख्या घरात कागदाला पाय लागला की उचलायचा, कपाळाला लावायचा, सरस्वती आहे. साधं हिशेबाचं चिठोरं असलं तरी. त्यात मराठी छापील म्हटलं की जयपुरात तो सोन्याहून दुर्मीळ माल. आमच्या महाराष्ट्र मंडळात अकरा कुटुंबं मिळून पाच दिवाळी अंक मागवायची, आणि ते अंक दिवाळीपासून आषाढापर्यंत घरोघर फिरायचे. मुखपृष्ठावर यादी चिकटवलेली, वाचून झालं की आपल्या नावावर काट मारायची. यादी कुलकर्णीकाकूंच्या हातात. अंकावर वरणाचा डाग पडला म्हणून एका बँकवाल्यांचं नाव त्यांनी पुढल्या वर्षी सगळ्यांच्या शेवटी टाकलं होतं, त्यांच्यापर्यंत अंक पोचेतो त्यांची बदलीच झाली. ताईला हे अंक प्राणाहून प्रिय. रस्त्यात दिवाळी अंक पडलेला बघून ती पुढे धावणं शक्यच नव्हतं. आणि त्या महिन्यात तीन अंक आमच्या पाळीवर होते.

आमच्याकडून चिवड्याने भरून गेलेला डबा परत करायला मिलिंदराव बस्सीहून आले. रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून त्यांनी त्यात तिळाची गजक भरून आणली होती, स्वतःच विकत घेऊन. मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि बेत सांगितला. ते म्हणाले, ही फसवणूक आहे. मी म्हटलं, तिकडे देवीने स्वतः दिली होती सफरचंदं, आणि देवीने दिलं की त्याला फसवणूक नाही, प्रसाद म्हणतात. त्यांचे कान लाल झाले. एवढंच विचारलं, “ताईंना हे आवडेल?” मी डोळ्यांची पापणी न लववता सांगितलं की ती मनातून हीच वाट बघतेय. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या थापांमध्ये ही एकच अशी, जिच्यावर मी नंतर कधी फुशारकी मारली नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी तिन्ही अंकांवर खडूने एक, दोन, तीन आकडे घातले, सगळ्यांत जाड पहिला, पातळ शेवटी, वर्तमानपत्रात बांधून पलंगाखाली सरकवले, आणि सकाळी ते पुडकं त्यांच्या हातात दिलं.

तो रस्ता आजही आहे. त्याच्या जवळून आता मेट्रो जाते, आणि मी नातवाला दाखवते की इथे तुझी मावशीआजी धावली, तर तो फोनमधून डोकं न काढता हं म्हणतो. त्या सकाळी मात्र तिथे दोन्ही बाजूंना कडुनिंब, पिवळ्या भिंतींचे सरकारी बंगले, आणि मोर. टपालपेटीजवळ मामा रुमाल घेऊन उभे, शेवटच्या कडुनिंबाखाली बाबा चौदा अटींचा कागद घेऊन, मध्ये आई लिंबूसरबताचा तांब्या घेऊन. एका बंगल्याचा पगडीवाला चौकीदार खुर्ची ओढून बसला आणि त्याने मला विचारलं, “पुलिस की भर्ती है क्या?” मी म्हटलं, शादी की. तो म्हणाला, हां, अब ऐसे भी होने लगी.

मिलिंदरावांनी तिन्ही अंक बनियनच्या आत पोटाशी खोचले होते. वरून शर्ट. सातवा महिना लागल्यासारखे दिसत होते. मामांनी बाबांना ओरडून विचारलं, हे चालतं का. बाबांनी कागद वरून खाली वाचला आणि ओरडून उत्तर दिलं की सामानाविषयी अट नाही. ताईने त्या पोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि साडीऐवजी मुद्दाम शिवलेल्या सलवारीचे पाय वर खोचले.

रुमाल पडला. मी पदपथावरून बरोबर धावत होते, आणि मोरही धावत होते, चार होते, सात म्हटलं तरी चालेल. पहिल्या शंभर पावलांत ताई एवढी पुढे गेली की मिलिंदरावांना तिची वेणी तेवढी दिसत असावी. त्यांनी पोटातून पहिला अंक काढला आणि जिवाच्या आकांताने पुढे भिरकावला. तो ताईच्या पायांपुढे धप्पकन पडला. ती दोन पावलं पुढे गेली. थांबली. मागे आली. उचलला, कपाळाला लावला, धूळ झटकली, काखेत मारला. तेवढ्यात मिलिंदराव बरोबरीला आले. ती पुन्हा पुढे निघाली, त्यांनी दुसरा टाकला. पुन्हा तेच. आता तिच्या दोन्ही काखांत अंक, धावणं बदकासारखं, आणि मिलिंदराव दहा पावलं पुढे. आई सरबताचा तांब्या घेऊन त्यांच्या बाजूने ओरडायला लागली होती, मग लेक दिसली की तिच्या बाजूने. आता तिसऱ्या अंकाने काम फत्ते होणार होतं. मिलिंदरावांनी तो मागे टाकला.

तो पडला आणि फुटला. फाल्गुनातला धुळकट वारा होताच, त्याने अख्खा अंक उचलून रस्ताभर पसरला. कथा एकीकडे, राशिभविष्य दुसरीकडे, कुलकर्णीकाकूंची यादी गरगरत कडुनिंबाच्या दिशेने. मिलिंदरावांनी आवाज ऐकून वळून पाहिलं. शेवट दिसत होता, बाबा दिसत होते, तीस-चाळीस पावलं राहिली असतील. आणि तो माणूस थांबला. वळला, वाकला, एक पान उचललं, कपाळाला लावलं. दुसरं उचललं, लावलं. मी ओरडले, पळा, पळा, नंतर उचलू. त्यांना ऐकूच येत नव्हतं. मामा मागून धापा टाकत आले ते उचलायला लागले, आईने तांब्या खाली ठेवून पदरात पानं गोळा केली, चौकीदाराने पगडी सावरत एक विनोदाचं पान धरलं आणि इतरांचं बघून तेही कपाळाला लावलं. आणि त्या सगळ्या पसाऱ्यातून ताई आली. ठिकरी खेळावी तशी, पानापानांच्या मधून, एकावरही पाय पडू न देता, दोन्ही काखांत दोन अंक. मिलिंदराव रस्त्यात गुडघ्यावर बसलेले, त्यांच्या शेजारून ती गेली आणि बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. बाबांनी अट क्रमांक एक मोठ्याने वाचली, मुलगी जिंकल्यास दोन वर्षं स्थळाचं नाव नाही. मग ते म्हणाले, डबे कधी भरायचे, ग्वाल्हेरचे?

मिलिंदरावांनी पानं क्रमाने लावून आईच्या हातात दिली आणि बाबांना एवढंच विचारलं की दोन वर्षांनी पुन्हा विचारलं तर चालेल का. अंक त्यांच्याकडे कुठून आले, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि दोन वर्षांनी, ताईने स्वतःहून होकार देऊन ते माझे भावजी झाल्यावरही सांगितलं नाही.

पण मला ते पचेना. दुपारी घरी सगळे आमरसाशिवायच्या पुऱ्यांवर तुटून पडले होते, चावलाआंटी जिंकल्याचे पेढे वाटत होत्या, आणि ताई गच्चीवर मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसली होती. तिसऱ्या अंकाची पानं तिच्या मांडीवर, आणि ती त्यांना दाभणाने नीट दोरा घालत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि रडायला लागले, खरोखर, वाढवून नाही. म्हटलं, ताई, ते अंक मी दिले होते. तू जाऊ नयेस म्हणून. तू हरावीस म्हणून.

ताईने दोरा दाताने तोडला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तिसऱ्याच्या पिना रात्री मीच काढल्या.”